फॉर्मवर मी 'नाही' म्हटलं

ठाण्याच्या खाडीकाठचं कोलशेत सोडलं तेव्हा मला सहावा महिना होता. टेम्पोत गाद्या, स्टोव्ह, सुक्या बोंबलांची पिशवी आणि त्या पसाऱ्यात पाय वर घेऊन बसलेली मी. खाडीत कारखान्यांचं पाणी उतरायला लागल्यापासून मासळी कमी झालेली, म्हणून नवऱ्याने डोंबिवलीला एमआयडीसीत नोकरी धरलेली. टेम्पो सुरू होणार एवढ्यात आई पदर खोचून धावत आली. हातात स्टीलचा ग्लास, काठोकाठ ताडी. "पी गो पोरी, पोटात पोर हाय, एवढ्या रस्त्याला ताकद नको?" मी दोन दमात संपवला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला सगळ्यात जास्त माया त्या ग्लासातच दिसली.

आमच्या कोळ्यांत गरोदर बाईला ताडी द्यायचीच. कालवं काढायला कमरेएवढ्या चिखलात उतरणारी बाई, अंग गारठणार, कंबर धरणार. ताडीने थंडी जाते, रक्त वाढतं, पोर धष्टपुष्ट होतं, असं सगळ्या म्हाताऱ्या सांगायच्या. दारू वेगळी. दारू पुरुष गुत्त्यावर पितात आणि घरी येऊन बायकोला मारतात. ताडी झाडाची, ती कशाला दारूत धरायची? मी डोंबिवलीला आल्यावर आई आठवड्यातून दोनदा मासळीची पाटी घेऊन बाजारात यायची आणि माझ्यासाठी ताडीचा एक कॅन ठेवून जायची. तीन दिवसांत ती आंबून चांगली चढणारी व्हायची. शेजारच्या काकूंना वास जाऊ नये म्हणून मी मोरीत बसून प्यायचे. लपवायची अक्कल होती, विचार करायची नव्हती.

नितेश झाला तो मुठीएवढा. बारीक डोळे, वरचा ओठ पातळ. सगळे म्हणाले, भरेल हळूहळू. शरीराने थोडा भरलाही. पण दुसरीत दोन वर्षं बसला. सात अधिक दोन सकाळी यायचं, दुपारी पाटी कोरी. कुणीही हाक मारली की त्याच्यामागे चालू पडायचा. आजूबाजूची पोरं स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसायची आणि माझा मुलगा उलटा शर्ट घालून गॅलरीत हसत उभा. मी त्याला मारलंय. पट्टीने मारलंय, लाटण्याने मारलंय. मुद्दाम करतो असंच वाटायचं मला.

शाळेच्या बाईंनी ठाण्याच्या एका हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज मऊ. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांवर त्यांचं संशोधन चाललेलं. आईच्या पोटात असताना मुलाला दारू पोचली तर मेंदूवर काय होतं, ते त्यांना शोधायचं होतं. त्या म्हणाल्या, "भाग घ्यायचा की नाही तुमच्या मर्जीवर. मध्येच सोडलंत तरी चालेल." अगं बाई, मला तोवर मर्जी विचारलेली कुणी? मी लगेच सही केली. त्यांनी पट्टीने नितेशचे डोळे मोजले, टेपने डोकं मोजलं, फोटो काढले. मग फॉर्म पुढे घेऊन विचारलं, गरोदरपणी दारू घ्यायचात का?

"छे हो! आमच्यात बायका दारूला शिवत नाहीत." अगदी छाती काढून सांगितलं. वर रागही आला, की कोळी म्हटलं की लोकांना दारूच आठवते.

माझ्या त्या 'नाही'ने पोराचे दोन वर्षं हाल झाले. बारीक डोळे, पातळ ओठ एक सांगतात आणि आई दुसरंच, म्हणून डॉक्टर दुसरी कारणं शोधत राहिल्या. रक्त काढलं, डोक्याला तारा लावल्या, मुंबईच्या हॉस्पिटलात पाठवलं. सुई बघितली की नितेश माझ्याच पोटात डोकं खुपसायचा. मी म्हणायचे, "थांब रे राजा, कळेल काय झालंय ते." आणि कारण माझ्याच तोंडात होतं.

मग एका खेपेला डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, गरोदरपणी खाणंपिणं कसं होतं? मी आनंदाने सांगत सुटले. कालवं, चिखलातले निवट्या मासे, तांदळाची भाकरी, ताडी. बाईंचं पेन थांबलं. "ताडी? रोज?" मी म्हटलं, "हो, दोन ग्लास. थंडीत तीन." त्यांनी जुना फॉर्म काढून माझ्या 'नाही'वर बोट ठेवलं, आणि मला सगळं कळलं.

पुढच्या वेळी बाईंनी आईला बोलवायला सांगितलं. ती बाजारातून तशीच आली, पाटी दारात ठेवून. बाईंनी सावकाश समजावलं. शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही, पण सगळं जुळतंय, आणि तुम्हाला माहीत नव्हतं, असंही म्हणाल्या. आई म्हणाली, "मना माझे आयेनी पाजली, मी हिला पाजली. हिचा काय गुना? त्या कागदावर माझा नाव लिवा."

"आजी, या कागदावर कुणाचंच नाव नसतं. नुसता नंबर असतो."

"मंग माझा गुना कुठं लिवणार?"

मी आईचा हात धरायला हवा होता. नाही धरला. माझ्या मनात तेव्हा तिच्याबद्दल राग होता, आणि तो जायला फार वर्षं लागली.

माझ्या भावजयीला तेव्हाच दिवस गेलेले. आईने घरात ताडी बंद केली आणि कोलशेतच्या पाड्यावरच्या प्रत्येक गरोदर बाईच्या दारात जाऊन सांगायला लागली. बायका चिडल्या, पण माझ्यावर. डोंबिवलीला जाऊन शहाणी झाली, आयशीलाच आरोपी केलंन, असं बोलल्या. कोलशेतच्या बायांनो, आज सांगते, मी तुम्हाला कमी लेखायला आले नव्हते. भावजयीला मुलगी झाली. चुणचुणीत आहे, फडाफडा वाचते. तिला बघून बरं वाटतं आणि मग घरी येऊन मी रडते.

तेराव्या वर्षी नितेश कुणाच्या तरी मागे गेला तो कल्याणच्याही पुढे आंबिवलीला सापडला, दोन दिवसांनी. तेव्हा आई आली नि म्हणाली, "मना दे त्याला. माझेपाशी हरवनार नाय." खरंच होतं ते. पाड्यावर त्याला सगळे ओळखतात. पाढे कुणी विचारत नाही. तो जाळी दुरुस्त करायला शिकला, गाठी पक्क्या मारतो. मी दिलं त्याला. डोंबिवलीत शेजारी विचारायचे, मुलगा दिसत नाही? मी सांगायचे, आजीकडे असतो.

आता दर रविवारी ठाण्यात खोपटच्या बसस्टँडला उतरून मी कोलशेतची बस पकडते. पाड्यावर मी डोंबिवलीची, डोंबिवलीत कोळीण. आई थकलीय, तरी त्याला रोज स्वतःच्या हाताने वाढते. गेल्या रविवारी तो जाळं मांडीवर घेऊन बसलेला. माझ्याकडे बघून छान हसला आणि विचारलं, "आई, तू तुझे घरी कवा जाशील?"

मी म्हटलं, "संध्याकाळी जाईन रे."

"जेवून जा हां," तो म्हणाला.