लेबलावरची तिसरी ओळ

दवाखान्याच्या औषधखिडकीवर लेबलं छापणारा प्रोग्राम तिने लिहिलेला, म्हणून तिथे सगळे तिला छापवालीच म्हणत. खिडकीमागे दोन प्रिंटर होते: गोळ्यांच्या डब्यांसाठी मोठी लेबलं काढणारा ‘थोरला’ आणि थेंबांच्या बाटल्यांसाठी छोटी लेबलं काढणारा ‘धाकटा’. संगणकातही तिने हीच नावं दिली होती. डबीचं लेबल छापताना प्रोग्राम थोरल्याला नावाने शोधायचा. नाहीच सापडला, तर हाताशी असेल त्या प्रिंटरवर निमूट छापून मोकळा व्हायचा. खिडकीवरच्या ताईंना उगाच सूचनांचा ताप नको, एवढाच तिचा विचार.

त्या सकाळी बाबा समोरच्या चहाकडे नुसते बघत बसले होते.

“साखर कमी पडली का?”

“तोंड आलंय गं. पाणीसुद्धा झोंबतं. ही सांध्यांची नवी गोळी उष्ण पडली वाटतं.”

तिने सहज डबी उचलली. लेबल सुबक, सरळ चिकटवलेलं. वर गोळीचं नाव. खाली, ‘एक गोळी, रात्री जेवणानंतर.’ त्याच्याखाली लेबलाची कडा.

तिथे आणखी एक ओळ असते. आराखडा तिनेच आखला होता, आणि या गोळीचं लेबल तिला पाठ होतं. पहिल्या चाचणीला तिने हेच छापलं होतं. तिसरी ओळ होती, ‘आठवड्यातून एकदाच.’

“बाबा, ही रोज घेता?”

“मग? चुकवतो का मी कधी?”

“डॉक्टर काही बोलले नव्हते?”

“त्यांचं बोलणं म्हणजे सुटलेली गाडी. आणि तुझ्या मशीनने छापलंय म्हटल्यावर मी आणखी कुणाला कशाला विचारू?”

डबी खाली ठेवायचंही तिला सुचेना. शेवटी बाबांनीच हळूच ती तिच्या हातातून काढून घेतली.

दवाखान्यात बाबांचं रक्त काढलं, सलाइन लावली. डॉक्टर म्हणाले, “ही गोळी रोज घेतली तर रक्तातल्या पेशी घटतात. आकडे आल्याशिवाय काही सांगत नाही.” भावाला खाटेपाशी बसवून ती औषधखिडकीकडे धावली.

“अगं, तो दुरुस्तीवाला येऊन गेला ना,” ताई म्हणाल्या, “त्याने थोरल्याची वायर दुसरीकडे खुपसली. तेव्हापासून सगळं धाकट्यावरच येतंय. म्हटलं, छापतंय ना, मग तुला कशाला पिडू?”

संगणकातल्या यादीत ‘थोरला’ नव्हताच. वायर हलताच संगणकाने त्याला नवं नाव दिलं होतं, ‘थोरला कॉपी १’, आणि दुरुस्तीवाल्याने जुनं पुसून टाकलं होतं. प्रोग्राम नेमून दिल्याप्रमाणे धाकट्याकडे वळला होता. छोट्या कागदावर दोनच ओळी मावत होत्या. प्रोग्रामने हूं की चूं केलं नव्हतं. करू नकोस, असं तिनेच त्याला शिकवलं होतं.

“ताई, ही गोळी अजून कुणाकुणाला दिलीत?”

ताईंनी खणातून औषधवाटपाची वही काढली.

दोघी फोन लावत बसल्या. एका आजोबांनी डबी अजून उघडलीच नव्हती. एक बाई म्हणाल्या, “मी रोज घेतेय, पण आज उठवतच नाहीये.” त्यांना आणायला गाडी निघाली. एक फोन नुसताच वाजत राहिला.

मधल्या वेळात तिने प्रोग्राममधली दुसऱ्या प्रिंटरवर छापायची ती सोय काढून टाकली. नाव जुळलं नाही, तर छपाई बंद.

“अगं, रांग दारापर्यंत गेलीय,” ताई म्हणाल्या. “डब्यांचं एकही लेबल छापत नाहीये.”

“नका छापू. थोरल्याचं नाव फोन झाले की दुरुस्त करते. सध्या हाताने लिहा, तिन्ही ओळी.”

आणि तिने तो न उचललेला नंबर पुन्हा फिरवला.