गच्चीवरचं खोगीर

तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला रविवार, दुपारची जेवणं झालेली. हजर: थोरले भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर; जाऊबाई; माझे यजमान; मी; खाली गल्लीत घोडीवाला मुन्नालाल आणि त्याची घोडी रानी. कठड्यावर माकडं होती, पण त्यांना मी हजेरीत धरत नाही.

घोड्यावर एकदाही न बसता घोड्याच्या पाठीचा इतका विचार करणारा माणूस अख्ख्या काशीत दुसरा सापडायचा नाही. भाऊजी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता रोज पंचगंगा घाटावर जाऊन जप करतील. त्यांनी चौकातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून काम शिकून घेतलं, आरी आणि मेणदोरा आणला आणि गच्चीवर बसून लगाम नि खोगिरं शिवायला घेतली. कोणासाठी, असं विचारलं की म्हणत, "ज्याची पाठ दुखते त्याच्यासाठी." माझे यजमान एकदा चुकून "माझीही दुखते" म्हणाले, तर भाऊजी मऊ तार घेऊन त्यांच्या पाठीचा आकार घ्यायला बसले. तयार खोगीर ते कठड्यावर चढवून ठेवत आणि चहूबाजूंनी फिरून बघत. त्यांच्या बहुतेक खोगिरांवरचा पहिला स्वार माकडच असे.

घर भिक्षुकांचं, त्यामुळे जाऊबाईंचे नियम कडक. चामड्याला हात लावला की आंघोळ, त्याशिवाय चहा नाही. पौष-माघाच्या थंडीत भाऊजी चहासाठी तळमळत, पण आंघोळीच्या भीतीने शिवतच राहत. त्यांचं उत्तम काम सगळं थंडीतलं आहे. दुसरा नियम असा की चामडं देवघरासमोरून न्यायचं नाही. आमचा जिना नेमका देवघरासमोरून जातो. म्हणून गच्चीवरून दोर सोडलेला. शेजारी टोपलीत भाजी ओढून घेत, आम्ही म्हशीचं कातडं.

रानीचं प्रकरण मात्र गमतीचं नव्हतं. जुन्या खोगिराने तिच्या पाठीवर जखम झाली होती आणि पाठीवर काही टाकलं की ती दात विचकून अंगावर येई. त्या संध्याकाळी तिला एका बारातीत उभं राहायचं होतं. आज तिने खोगीर घेतलं नाही, तर उद्या गिऱ्हाईक येऊन तिला वीटभट्टीवर गाडी ओढायला नेणार, असं मुन्नालालने मान खाली घालून सांगितलं होतं. भाऊजींनी तिच्यासाठी खास खोगीर शिवलं, जखमेच्या जागी मधोमध पोकळी सोडून.

मी यादी करून कामं वाटून दिली. यजमान दोराशी, मी कठड्याशी, मुन्नालाल खाली झेलायला. खोगीर निम्म्यावर गेलं आणि गल्लीतल्या विजेच्या तारांच्या जाळ्याशी जाऊन झुलू लागलं. भाऊजी पांढरेफटक पडले. कसंबसं वर ओढून घेतलं. पुन्हा सोडायचा धीर कोणाला होईना. खालून मुन्नालाल म्हणाला, मुहूर्ताला उशीर होतोय.

तेव्हा जाऊबाई उठल्या. खाली जाऊन त्यांनी देवघराचा पडदा ओढला आणि जिन्यातून म्हणाल्या, "इकडून न्या. देव जेवून झोपलेत."

भाऊजी खोगीर छातीशी धरून देवघरासमोरून गेले ते चोरासारखे, चवड्यांवर. खाली रानीने कान मागे टाकले. भाऊजींनी आधी तिला खोगीर हुंगू दिलं, मग हलकेच पाठीवर ठेवलं. ती थरथरली आणि उभी राहिली. भाऊजींनी खालून बोटं घालून पाहिली. जखमेला कुठेच स्पर्श नव्हता.

"पंडितजी, अब आप भी बैठ के देखिए," मुन्नालाल म्हणाला.

दारात उभ्या जाऊबाई मला हळूच म्हणाल्या की त्यांच्या लग्नातल्या घोडीच्या पाठीवरही अशीच जखम होती. नवरदेवांनी, म्हणजे भाऊजींनी, ती पाहिली आणि ते वरातीत पायी चालत आले. जाऊबाईंच्या माहेरचे त्यावर वर्षभर हसत होते. मी इतकी वर्षं या घरात आहे, पण हे मला ठाऊक नव्हतं.

मग त्या मोठ्याने म्हणाल्या, "बसा की. माझी वरात राहिलीय."

भाऊजी कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, "आज तिला संध्याकाळी एक नवरा वाहायचाय. एका दिवसात दोन कशाला?"

रानी अजून मुन्नालालकडेच आहे. जखम भरली, वर नवे केसही आले. चामडं आता जिन्यानेच ये-जा करतं, देव झोपल्यावर. भाऊजींचे गुडघे हल्ली तो जिनाही कुरकुरत चढतात, आणि लग्नसराई आली की त्यांना नेमका दुसऱ्या कोणाच्या तरी घोडीचा लगाम शिवायचा असतो. माझ्या त्या दिवसाच्या यादीतली सगळी कामं केव्हाच खोडून झाली. भाऊजींची वरात तेवढी राहिली आहे.