आत्याची विजेची टाकी

दोन उपकरणं एकाच वेळी चालू करणाऱ्या माणसांबद्दल माझ्या आत्याला जेवढी कीव येते, तेवढी संतांनाही पापी माणसांची येत नसेल. फरीदाबादच्या तिच्या घरात गीझर चालू असताना इस्त्रीला हात लावायचा नाही, मिक्सर फिरत असताना मायक्रोवेव्हने थांबायचं, आणि एसी लावायचा तर आधी घरभर विचारून यायचं. मी दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन शिकत होते तेव्हा रविवारी घरच्या जेवणाच्या आशेने तिच्याकडे जायचे आणि ओले केस घेऊन हेअर ड्रायरसाठी ताटकळत बसायचे. माझ्याआधी काकांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, नंबर असायचा, चुरगळलेला शर्ट हातात धरून. "यार, हे घर आहे की सबस्टेशन?" ते हळूच म्हणायचे. गणपतीत तर ती पाहुण्यांनाही वेगवेगळ्या वेळा द्यायची. "सगळे एकदम आले की पंख्यांवर, पाण्यावर आणि माझ्यावर एकदम लोड येतो," असं फोनवर स्पष्ट सांगायची, आणि लोक हसत हसत का होईना, वेळेवर यायचे.

हे वेड तिच्या नोकरीतून आलं होतं. आत्या विजेची इंजिनिअर, रेल्वेला यंत्रसामग्री पुरवणाऱ्या एका खासगी कंपनीत. सकाळी ऑफिसच्या वेळेला कितीतरी गाड्या एकदम सुटतात आणि एकदम वीज ओढतात. तेवढ्या वेळापुरता तो भार उचलायला रुळांशेजारी मोठी बॅटरी बसवायची, निवांत वेळी ती भरून ठेवायची, हे काम तिच्याकडे होतं. "अगं, सकाळी सगळ्यांनाच आंघोळीला पाणी लागतं, म्हणून गच्चीवर टाकी असते ना? ही विजेची टाकी," ती मला समजवायची. "पण ती रोज भरवशाची हवी. एकदा दगा दिला की लोक तिच्याकडे बघणारही नाहीत."

बॅटरी पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी मोठा मांडव घातला होता. घरच्यांनाही बोलावणं होतं, म्हणून काका आणि मी मागच्या खुर्च्यांवर बसलो होतो. पाहुण्यांच्या हातात समोसे आले, हार तयार होते, आणि आत्या म्हणाली, "आज नहीं चलेगी." बॅटरीच्या कपाटांपैकी एक शेजारच्यांपेक्षा जास्त तापत होतं. तिचे साहेब घामाघूम झाले. "मॅडम, थोड़ी देर चला दीजिए, बस फोटो हो जाए." आत्याने मान हलवली. "सर, फोटो तो हो जाएगी. कल सुबह लोग ऑफिस कैसे जाएँगे?" पाहुणे समोसे संपवून निघून गेले. पुढच्याच आठवड्यात आत्याची बदली ऑफिसातल्या एका कोपऱ्यातल्या टेबलावर झाली.

ती रडली नाही. त्या रविवारी मी पोचले तेव्हा गीझर, इस्त्री, मिक्सर, एसी, सगळं एकदम चालू होतं आणि आत्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी होती. माझ्या चपला काढून होतायत तोवर फट् करून घर बंद पडलं. काकांनी स्टूल ओढलं, खटका वर केला, आणि म्हणाले, "बिल्कुल बरोबर केलंस तू." खटक्याबद्दल बोलत नव्हते ते. तेव्हा मात्र तिने पदर डोळ्यांना लावला.

यथावकाश कुणीतरी ते कपाट उघडलं. आत एक जोड सैल होता आणि आजूबाजूची तार काळवंडली होती. साहेब स्वतः तिला बोलवायला आले. आत्याने त्यांना चहा पाजला, एक शब्दही टोचून बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रुळांशेजारी जाऊन उभी राहू लागली. बॅटरी नीट चालू झाली तेव्हा ना मांडव होता, ना हार.

आता ती निवृत्त झाली आहे. परवा सकाळच्या गर्दीत तिच्याबरोबर तिची बॅटरी आहे त्याच मार्गावरच्या गाडीत चढले. एका स्टेशनात समोरच्या फलाटावर दुसरी गाडी उभी होती. दोन्ही एकदम सुटल्या. आत्याने दांडा घट्ट धरला, डोळे मिटले. दिवे मिणमिणले नाहीत, गाडी अडखळली नाही. कुणी मोबाईलवरून मान वर केली नाही. तिचे ओले गाल पाहून शेजारच्या मुलीने घाबरून विचारलं, "आंटी, क्या हुआ?"

"कुछ नहीं हुआ, बेटा," आत्या म्हणाली. "कुछ भी नहीं हुआ."

मुलीने तिला बसायला जागा दिली. आत्या खिडकीकडे तोंड करून बसली.