माझ्या वर्गात माइक बंद

"तुम्ही फक्त हसा. शिकवायचं मी बघतो."

संयोजकसाहेबांनी हे मला तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मी बहिरी आहे, मठ्ठ नाही. ओठ वाचता येतात मला. जर्मनीत, र्युसेल्सहाइमच्या मराठी मंडळानं भाड्यानं घेतलेला हॉल. खुर्च्यांवर मोटारकंपनीतले इंजिनिअर, त्यांच्या बायका. एका लॅपटॉपपुढे साहेब, दुसऱ्यापुढे मी. आणि पलीकडे, साताऱ्याकडच्या कर्णबधिर शाळेत, माझ्या दहावीच्या मुली. दर रविवारी मी त्यांना गणित शिकवत होते. माझ्या स्वयंपाकघरातून, खुणांनी. आज मंडळाला ते बघायचं होतं.

बघितलं कुणाला, तर साहेबांना. त्या व्हिडिओ कॉलची रीतच अशी, की जो आवाज करील त्याचं चित्र मोठं. साहेब बोलले, साहेब मोठे. कुणी खोकलं, खोकणारा मोठा. मी हात दुखेपर्यंत खुणा करतेय आणि कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढी. मुलींना माझी बोटंच दिसेनात. बाई कुठे, बाई कुठे, एवढंच विचारत होत्या बिचाऱ्या.

मी साहेबांना खुणेनं सांगितलं, माइक बंद करा. 'गेनाऊ, गेनाऊ,' अगदी बरोबर म्हणत त्यांनी मान डोलावली आणि बोलतच राहिले. शंकूचं घनफळ तोंडानं समजावत होते. बहिऱ्या मुलींना! टाळ्या पडल्या. माझा नवराही वाजवत होता. मी बघितलं तसे यांनी हात खाली घेतले. जाऊ दे ना, अशी खूण केली.

जाऊ दे. लहानपणी शाळेत खुणा केल्या की बाई बोटांवर पट्टी मारायच्या, तोंडानं बोल म्हणायच्या. तेव्हाही घरचे हेच म्हणाले होते. माझं अर्धं शिक्षण त्यात गेलं. या पोरींची परीक्षा तोंडावर आलेली. त्यांचंही जाऊ द्यायचं? का म्हणून?

उठले. माइकची वायर उपसली. मोठं चित्र त्यांच्याच लॅपटॉपचं होतं, म्हणून साहेबांना बाजूला सारून त्यांच्या खुर्चीत बसले आणि शंकू पहिल्यापासून सुरू केला. हॉलमध्ये कोण काय बोललं, मला कळलं नाही. बरंच झालं.

घरी आल्यावर साहेबांचा नवऱ्याला फोन. पुढच्या रविवारी परत करू, फक्त वहिनींना जरा समजाव, असं म्हणताहेत, हे यांनीच मला खुणेनं सांगितलं. नवरा शब्द शोधत होता. मी खुणेनं म्हटलं, अहो, मी सांगते तेच बोला.

"शिकवायचं असेल तर आधी आमची भाषा शिका. तोवर वर्गात घेणार नाही."

जरा गोड करून सांगतो, म्हणाले. मी म्हटलं, नाही. जसंच्या तसं. मी त्यांच्या ओठांकडे बघत उभी राहिले. एक शब्द गाळू दिला नाही.