थोरल्याचा नंबर

गाडीची पाटी बदलायची म्हणजे जुनी काढायची नि नवी ठोकायची, एवढंच मला वाटत होतं. सरकारनं फर्मान काढलं, जुन्या गाड्यांनाही नवी पाटी लावा, नाहीतर दंड भरा. आमच्या पेंटरनं रंगवलेली पाटी लांबूनही स्वच्छ वाचता येत होती, तिला काय धाड भरली होती? पण सत्तेपुढं शहाणपण चालत नाही. भाचीनं मोबाईलवर नवी पाटी बुक करून दिली आणि ठरल्या दिवशी मी मूल गावच्या सेंटरवर गाडी नेऊन उभी केली. रांग ही एवढी! उन्हात बसून मी मनातल्या मनात सगळ्या मंत्र्यांचा उद्धार केला.

माझी पाळी आली. फिटरनं बॉनेट उघडलं, आत कापड फिरवलं, आतला कोरलेला चासीचा नंबर वाचला, मग माझं आरसीचं पुस्तक पाहिलं, मग परत आत वाकला.

"बाई, ही गाडी कोणाची?"

"कोणाची म्हणजे? माझी. नवऱ्याची होती, ते गेल्यावर माझ्या नावावर झाली."

"ही गाडी ह्या पुस्तकातली नाई. पाटी नाई लावता येत."

"नाई म्हणजे काय? मी चोरून आणली का?" माझा आवाज इतका चढला, की रांगेतली माणसं वळून पाहू लागली. त्यानं शांतपणे मला आत वाकून पाहायला लावलं. पुस्तकातला नंबर वेगळा, लोखंडावरचा वेगळा. नवऱ्याच्या माघारी गाडी नावावर करताना सगळ्यांनी माझे कागद पाहिले होते, बॉनेट कोणी उघडून पाहिलं नव्हतं. हीच गाडी चालवायला मी नवऱ्याच्या शिव्या खात शिकले. बांधावर चढवली, तलावाच्या पाळीवर अडकवली. आणि हा माणूस म्हणतो, ही ती नाहीच!

मी त्या नंबरचा फोटो काढून घेतला आणि गाडी तडक धाकट्या दिरांच्या घराकडं वळवली. जुनं काही ठाऊक असेल तर त्यांनाच असणार होतं. कारण ही गाडी आली तेव्हा एकटी आली नव्हती. सासऱ्यांचा तलावाच्या मासळीचा धंदा तेव्हा जोरात होता. त्यांनी दोघा मुलांसाठी एकाच दिवशी, एकाच दुकानातून दोन सारख्या पांढऱ्या गाड्या आपल्या नावावर घेतल्या आणि पुढं एकेक करून दिली.

त्यातली दिरांची गाडी आता नाही. एके दिवशी माझ्या नवऱ्याची गाडी मेकॅनिककडं पडली होती आणि त्यांना गडचिरोलीला जायचं होतं. दिरांनी बळंच आपली चावी त्यांच्या हातात दिली, "माही ने, दादा." येताना जंगलातल्या वळणावर रानडुकरांचा कळप आडवा आला. गाडी सागावर आदळली आणि माझा माणूस जागीच गेला. गाडी भंगारात गेली.

लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? "भावाची गाडी भावाले खाऊन गेली," असं म्हणत सुटले. पनवती गाडी होती म्हणे. आणि दिरांनी ते खरं मानलं. तेव्हापासून ते माझ्या घराचा उंबरा ओलांडत नाहीत. मासळी आणतात ती फाटकातून देतात, पाणीसुद्धा पीत नाहीत. मी रागावले, रडले, एकदा तर मासळीची पिशवी त्यांच्या मागं रस्त्यावर फेकली. काही उपयोग नाही. मला मूलबाळ नाही. माहेर आहे नावाला. माझं म्हणावं असं एकच माणूस उरलेलं, तेही फाटकाबाहेर.

मी पोचले तेव्हा दीर अंगणात जाळं सांधत होते आणि सासूबाई सुपात लाखोळीची डाळ निवडत होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"तुमच्या गाडीचं पुस्तक हाय का कुठी?"

दिरांनी पेटीतून पुस्तक आणलं. भंगारवाल्यानं गाडी नेली, पुस्तक राहून गेलं होतं. आम्ही फोटो शेजारी धरला. दिरांच्या पुस्तकातला नंबर नि माझ्या गाडीतला नंबर एकच!

"त्यात काय येवढं?" सासूबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "मीच बदलाले लावलं होतं."

"काय बदलाले लावलं, आई?" मी विचारलं.

"पाट्या अन् पुस्तकं. पाट्यायचे दोन नंबर आले लागोपाठचे. पह्यला धाकट्याच्या गाडीले, मागचा थोरल्याच्या. म्या म्हटलं, असं चालत नाई. थोरल्याच्या म्होरं धाकटा गेला तं थोरल्याचं आयुष्य घटते. तुहा सासरा म्हणे, गाड्या एकासारख्या एक, नाव दोन्हीवर माहंच, दे बदलून."

आमच्याकडं आहेच तसं. पहिला घास, जाळ्यातला पहिला मासा, सगळं आधी थोरल्याच्या हाती. तोच कायदा सासूबाईंनी आरटीओलाही लावला होता! गाड्या राहिल्या जिथल्या तिथं, पाट्या नि पुस्तकं तेवढी इकडची तिकडं झाली. पुढं सासऱ्यांनी त्या पुस्तकांप्रमाणंच गाड्या मुलांच्या नावावर करून दिल्या.

मला उमजायला जरा वेळ लागला. उमजलं तशी मी ओरडलेच.

"भाऊजी! तुमच्या पुस्तकातली गाडी तं हे माही. म्हणजे जे मोडली, ते तुमची नव्हतीच! ते दादाची होती!"

"चालवत तं मीच होतो ना, वयनी."

"चालवत असान! सरकार म्हणते दादाची. सहीशिक्क्यानं म्हणते. इतके दिवस लोकायचं ऐकलं ना? आता सरकारचं ऐका!"

त्यांनी दोन्ही पुस्तकं हातात घेतली, पुनःपुन्हा वाचली. मग डोळ्याला पंचा लावून ते ढसढसा रडायला लागले. मला इतका आनंद झाला, की सरकारचा उद्धार केल्याचं वाईट वाटलं. आज ह्यांना घरी नेऊन जेवायलाच बसवते, असं मी ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात सुपाचा आवाज थांबला.

"म्हंजे कसं?" सासूबाई म्हणाल्या. "ते गाडी धाकट्याची होती. अन् मीच ते थोरल्याच्या नावावर केली?"

माझ्या जिभेला हाड नाही हे मला माहीत आहे, पण त्या क्षणी ती झडली असती तर बरं झालं असतं. एकाच्या डोक्यावरचं ओझं मी काढलं होतं, आणि ठेवलं कुठं, तर ह्या म्हातारीच्या.

"त्याचं आयुष्य वाढावं म्हून केलं व माय," त्या म्हणाल्या. "मीच खाल्लं माह्या पोराले."

सूप कलंडलं. लाखोळी अंगणभर सांडली.

दीर ताडकन उठले. आईसमोर उकिडवे बसले आणि तिचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवत जवळजवळ खेकसलेच, "काई बोलून राह्यली का आई! डुकरं होते ते, डुकरं! डुकरं काय पाटी वाचून आंगावर येते का? कोणाच्या नावाची गाडी हाय, हे पाहून येते का?"

बोलता बोलता त्यांचा आवाज उतरत गेला. आईचे खांदे धरूनच त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडं पाहिलं.

"नाई ना येत, वयनी?"

"नाई, भाऊजी," मी म्हटलं. "नाई येत."