नदीच्या तळातून

पडदा वर गेला आहे असं समजा. दुपारची वेळ. खुर्च्या रिकाम्या. रंगमंचावर आणखी एक पडदा आहे, पण तो टांगलेला नाही, फळ्यांवर आडवा पसरलेला आहे. त्यावर अनवाणी वाकलेला एक माणूस, हातात लांब काठीला बांधलेला ब्रश. रंगात कालवलेल्या सरसाच्या वासानं नाक भरून जातंय. हा आमच्या नाटक कंपनीचा पेंटर.

त्यानं आम्हाला राजवाडे दिले, जंगलं दिली. त्याचा खांब इतका खरा वाटायचा की एकदा आमचे राजेसाहेब भर दरबारात त्याला टेकायला गेले आणि पडद्यासकट आडवे झाले. पेंटर विंगेत पोट धरून हसत होता, शेजारी त्याचा मुलगाही. त्या पोराला माझे सगळे संवाद पाठ. मी बोलायची, त्याचे ओठ हलायचे.

त्या पोराला नदीनं नेलं. पेंटर काठावर बसून पाण्याचे रंग कागदावर उतरवत होता, पोरगा पायरीवर खेळत होता. पेंटरनं मान वर केली तेव्हा पायरी रिकामी होती. पेंटरची बायको, आमच्या वहिनी, नवऱ्याशी बोलायच्या थांबल्या त्या थांबल्याच. जेवणाचा डबा आणायच्या, विंगेत ठेवायच्या, निघून जायच्या.

आणि नव्या नाटकासाठी मालकांना नेमकी नदीच हवी होती.

पेंटरनं नकार दिला नाही. त्यानं पाण्याच्या तळाशी पोरगा काढला, डोळे मिटलेला, आणि वर निळा रंग चढवला. सरसाचा रंग गरम पाण्यानं सुटतो. रोज तो फडक्यानं पोराला पुसायचा आणि टीचभर वर पुन्हा काढायचा.

मालक कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अहो पेंटर, नदी रंगवायला सांगितली होती, खणायला नाही. शनिवारी प्रयोग आहे."

"प्रयोगाच्या आधी वर आणतो त्याला."

मालक निघून गेले.

शुक्रवारी पोराचं डोकं पाण्याबाहेर आलं आणि पेंटरचा हात थांबला. मी तालमीला आले होते.

"बाई, तुम्ही सगळ्यांच्या नकला करता. त्याचे डोळे करून दाखवा ना. उघडे. मला मिटलेलेच आठवतात."

मी करून पाहिलं. पण मला आठवत होते ते ओठ.

"नाही जमत, पेंटर."

"असं नका म्हणू. उद्या पडदा टांगला की तो तसाच राहणार. एवढा वर येऊन मिटलेलाच." तो गुडघ्यांवर बसला आणि ब्रश कपाळावर आपटू लागला. निळा रंग तोंडावरून ओघळला.

विंगेत डबा खाली ठेवल्याचा आवाज झाला. वहिनी चपला काढून पडद्यावर आल्या.

"डावा जरा बारीक," त्या म्हणाल्या. "पापण्या माझ्यासारख्या. आधी तुम्ही तोंड पुसा, डोळ्यात रंग जातोय."

त्या सांगत गेल्या, तो काढत गेला. डोळे उघडले तेव्हा वहिनी जशा रडल्या, तसं रडणं मला आयुष्यभर रंगमंचावर जमलं नाही.

शनिवारी मी त्या नदीपुढे गायले. लोकांना पोरगा नाटकातलाच वाटला. पेंटर आला नाही, पुढेही कधी आला नाही. म्हणून मला तो शुक्रवारचाच दिसतो, ओल्या पडद्यावर बसलेला, पोरावरची नजर न काढता बायकोला म्हणणारा, "टॉवेल आण ना. डोकं पुसू त्याचं, गारठलाय."