मावशीची प्रसादाची गोळी

मावशी गेल्याचा काकांचा फोन आला, तेव्हा मी सावेडीच्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. रडू आलं; पण मधली इतकी वर्षं ती आपल्याला मिळाली, हेच केवढं, असंही वाटलं... कारण एकदा आम्ही तिची आशा जवळजवळ सोडली होती.

तेव्हा ती गावाहून, काष्टीहून, डोकेदुखी दाखवायला माझ्याकडे आली होती. चष्म्याचा नंबर बदलून झाला, पित्ताची औषधं झाली, मग तिला एका म्हशीच्या दोन दिसायला लागल्या. स्कॅनमध्ये मेंदूच्या तळाशी, पिट्यूटरी ग्रंथीत गाठ दिसली. सगळ्यांनी ट्यूमरच धरला. नाकातून ऑपरेशन करून काढलेला तुकडा तपासणीला गेला आणि त्यात निघाली बुरशी! नाकामागच्या पोकळीतून ती वर पोचली होती. मावशीला काही ते पटेना.

"भाकरीला बुरशी येती, बाई. मी काय शिळी झाले व्हय?" तिनं डॉक्टरीणबाईंनाच विचारलं.

त्या हसल्या, पण बुरशीचं औषध कित्येक महिने घ्यावं लागेल, हेही त्यांनी बजावलं. नजर हळूहळू सुधारली. बुरशी गेली, पण जाताना ग्रंथी निकामी करून गेली. त्यामुळे एक गोळी रोज सकाळी, जन्मभर, एकही दिवस न चुकवता घ्यायची होती.

आणि इथेच माशी शिंकली. मावशीची संकष्टी निर्जळी. चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, तिथे गोळी कुठली? घरी गेल्यावर पहिल्याच चतुर्थीला ती अंगणात कोसळली. वेळेवर इंजेक्शन मिळालं म्हणून वाचली. डॉक्टरीणबाई रागावल्या, मीही खूप बोलले. उपास सोड म्हटलं, तर ती भिंतीकडे तोंड करून पडली. बुरशीतून उठलेली ही बाई उपासानं जाणार, अशी मला खरोखर धास्ती बसली.

पुढच्या चतुर्थीला मी मुद्दाम काष्टीला गेले. मावशीनं गोळी वाटीत ठेवली, गणपतीला तिचा नैवेद्य दाखवला आणि घोटभर पाण्याबरोबर गिळून टाकली.

"परसादाला न्हाई म्हनू न्हाई," ती शांतपणे म्हणाली.

तेव्हापासून रोजची गोळी तशीच, आणि तब्येत ठणठणीत.

मावशी गेल्यानंतर परवा काष्टीला राहिले होते. काकांची बीपीची गोळी म्हणजे खिशात टाकून विसरायची वस्तू. सकाळी बघते तर आंघोळ करून ते देवापुढे बसलेले, वाटीत गोळी.

"त्याला रोज सकाळची सवय लागली हाय," काका म्हणाले. "ती गेली म्हनून त्याला उपाशी कसा ठेवू?"